अशुभ नावाच्या बदल्यात रोज एक वाडगा

नाव यान शुईलियेन, वय ५९ वर्षे, धंदा नूडल्सचे दुकान, राहणार घर नंबर ४४, चौथी गल्ली, जुन्या गोदीमागे, श्यामेन शहर. फोन नंबरचा शेवटही चव्वेचाळीसच आहे.

मला आज चौकीत बोलावून फौजदार ताओ मॅडम यांनी समोर बसवून विचारले, त्यावरून मी स्वतःच्या तोंडाने सांगते की,

वरील पत्त्यावर खाली माझे दुकान असून वर माळ्यावर मी एकटी राहते. पती वारले. मुलगी लग्न होऊन च्वानचौला असते व दर रविवारी फोनवर माझी खरडपट्टी काढते. दुकानात शाछा रश्श्यातल्या नूडल्स मिळतात. रश्श्यासाठी शेंगदाणे, सुकी कोळंबी व मसाले मी स्वतः वाटते, त्यात दुसऱ्या कोणाला हात घालू देत नाही. ही जागा मला स्वस्तात मिळाली, कारण चौथ्या गल्लीतल्या चव्वेचाळीस नंबरच्या घरात राहायला दुसरे कोणी तयार नव्हते. आमच्या बोलीत चार आणि मरण यांचा उच्चार जवळजवळ एकच, म्हणून आमच्याकडे चार म्हणजे मरण. माझ्या सासूबाई हयात असेपर्यंत कधी या गल्लीत शिरल्या नाहीत. गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून हाक मारीत, वाडगा तिथेच मागवीत आणि उभ्याने खाऊन वर मीठ कमी आहे म्हणत. मॅडम म्हणाल्या की चारचे त्यांना माहीत आहे, पुढे सांगा.

आमच्या समोरच्या इमारतीत तांदूळवाले बसतात. इंटरनेटवर वेबसाइटला जे नाव लागते, ते शोधायचे, विकत घ्यायचे, धरून ठेवायचे आणि ज्याला गरज पडेल त्याला विकायचे, हा त्यांचा धंदा. अशा नावाला आमच्याकडे तांदूळ म्हणतात. मॅडम उत्तरेकडच्या, हार्बिनच्या असल्याने तांदूळ का म्हणतात असे त्यांनी विचारले. मला माहीत नाही. माशाला मासा का म्हणतात तेही मला कोणी सांगितलेले नाही.

दुपारची गर्दी ओसरली की ही मंडळी माझ्या दुकानात चहा मांडून बसतात. चहापत्ती त्यांची, गरम पाणी माझे. त्यामुळे कानावर पडून पडून जेवढे कळले तेवढे सांगते. नाव जितके आखूड तितके ते भाव खाते. दोन अक्षरांची नावे म्हणजे राजवाडे, ती कोणी विकायला काढत नाही. तीन अक्षरांची बड्या कंपन्यांनी कधीच दाबून ठेवली. राहिली चार अक्षरांची आणि पाच आकड्यांची, त्यातच आमची मंडळी उकरत असतात. नाव जिवंत ठेवायला दर वर्षी फी भरावी लागते. एखादा मालक भरायला विसरला की ते मोकळे सुटते, आणि त्या क्षणी जगभरातून हजार जण त्यावर झडप घालतात. आठ म्हणजे भरभराट, म्हणून ज्या नावात आठ हा आकडा असेल त्यावर उड्या पडतात. चारच्या नावाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

यांच्यात कागदाआधी जीभ चालते. एकाने भाव मोठ्याने सांगायचा, दुसऱ्याने 'घेतलं' म्हणायचे, आणि दोघांनी दोन दोन बोटे टेबलावर ठोकायची. बोटे ठोकली की सौदा झाला. दुसऱ्या दिवशी त्या नावाचा भाव दसपट झाला तरी मागे फिरायचे नाही. जो फिरतो त्याची चहाची वाटी टेबलावर पालथी घालतात, आणि ती पुन्हा कोणी सुलटी करत नाही. एवढ्या वर्षांत मी अशी एकच पालथी वाटी पाहिली. तो माणूस आता विम्याचे काम करतो.

या मंडळींत च्वांग जिनश्वी हे वयाने सर्वांत मोठे. पूर्वी गोदीत क्रेन चालवीत. पत्नी वारली, मुलगा शेनझेनला असतो. बाकीचे त्यांना जिनश्वीकाका म्हणतात. मी क्रेनवाले म्हणते व ते मला मालकीणबाई म्हणतात. मॅडमनी विचारले की ही हाक केव्हापासून. मोजले नाही.

च्वांग यांची नाव पारखायची पद्धत वेगळी आहे. इतर जण संगणकावर याद्या चाळतात. तेही चाळतात, पण विकत घेण्याआधी दुकानात येऊन, मी वाफेत तोंड घालून नूडल्स काढत असताना, ते नाव एकदाच मोठ्याने म्हणतात आणि गप्प बसतात. मी तीनचार गिऱ्हाइकांचे वाडगे भरते, सुटे पैसे देते, कोणाला तिखट जास्त झाले ते ऐकून घेते. मग ते विचारतात, "मालकीणबाई, मघाशी काय म्हणालो मी?" मला धडपणे आठवले तर नाव घेतात, नाही तर सोडून देतात. त्यांचे म्हणणे असे, की झारा हातात असताना जे डोक्यात राहते ते कोणाच्याही डोक्यात राहील. त्यांच्यातला दुसरा तांदूळवाला कुओ थेंगफेई म्हणतो की हे काम आता संगणक जास्त चांगले करतो. असेल. पण च्वांग यांनी माझ्याकडून पारखून घेतलेली नावे विकली जातात आणि कुओ याची पडून राहतात, हे सगळी गल्ली जाणते.

आता वादातले नाव. ज्या वर्षी शहरातल्या सगळ्यांनाच या धंद्याचे वेड लागले होते, त्या वर्षी च्वांग यांनी न पाहता नावांचे एक पोतेच उचलले. त्यात हे निघाले. पाच आकडी नाव, पुढे दोनदा चार, मागे दोनदा चार आणि मधोमध शून्य, म्हणजे ४४०४४. तांदळातला खडाच तो. कोणी फुकट घेईना. एकदा ते शवपेट्यांच्या दुकानदाराकडे घेऊन गेले, तर तो म्हणाला की आमच्याकडेसुद्धा गिऱ्हाइकाला यावेसे वाटले पाहिजे. मंडळींनी त्यांची भरपूर टिंगल केली. तरी दर वर्षी ते हट्टाने फी भरत राहिले. हे एकच नाव त्यांनी कधी माझ्या वाफेत उच्चारले नाही. एकटी बाई राहते, तिच्या घरात कशाला, असे ते कुओला म्हणाल्याचे मला नंतर कळले.

गेल्या शरद पौर्णिमेला माझ्या दुकानात दरवर्षीप्रमाणे फाशांचा खेळ झाला. मॅडमना आमचा खेळ नवीन असल्याने सांगते. मोठ्या वाडग्यात सहा फासे टाकायचे, पडेल त्या दानाप्रमाणे बक्षीस. सर्वांत मोठे दान म्हणजे चार फाशांवर चार. वर्षभर चारच्या सावलीला न उभे राहणारे आम्ही लोक त्या संध्याकाळी चार पडावा म्हणून बोटांवर फुंकर मारतो. असे का, ते मी कधी मनात आणले नव्हते. आमच्यापैकी कोणीच आणले नव्हते.

त्या संध्याकाळी मला चार फाशांवर चार पडले. पहिले बक्षीस होते भात शिजवायचा कुकर, आणि ते कुओने आणलेले होते. मी म्हटले की भाताचे कुकर माझ्याकडे दोन आहेत, यंदा हवे तर तांदूळ द्या. सगळे हसले. कुओ म्हणाला की जिनश्वीकाकांकडे एक तांदूळ आहे, तो द्या मालकीणबाईंना, त्यांनाच चार पडलेत. आणि त्याने ते नाव सर्वांसमक्ष मोठ्याने म्हटले. च्वांग यांनी त्याच्या मांडीवर चापट मारली, पण मी ऐकले होते. मी फाशांच्या वाडग्याकडे पाहिले. त्या नावातही दोन्ही बाजूंना दोनदोनदा चार आणि मधोमध शून्य, वाडग्यासारखे गोल. माझे घर चव्वेचाळीस, गल्ली चौथी, फोन चव्वेचाळीस, आणि पोट भरते वाडग्यावर. ज्या आकड्याने मला एवढी वर्षे खाऊ घातले त्याला मी घाबरावे तरी कशाला? मी म्हटले, मला ते नाव पाहिजे.

च्वांग म्हणाले की तसेच घेऊन जा, मी आता सोडणारच होतो. मी गिऱ्हाइकाकडून फुकट काही घेत नाही. म्हणून म्हटले, भाव बोला. त्यांनी बराच वेळ चहा हलवला, आमच्या चहात हलवण्यासारखे काही नसते तरी. मग म्हणाले, "रोज एक वाडगा."

"किती दिवस?"

"मरेपर्यंत."

सणाच्या दिवशी मरणाचा शब्द तोंडातून निघाला म्हणून कुओने फाशांचा वाडगा बाजूला सरकवला. मी 'घेतलं' म्हटले व दोन बोटे ठोकली. त्यांनीही ठोकली. नाव माझ्या खात्यावर करायचे काम कुओने तिथेच बसून फोनवर केले व त्याबद्दल कुकर परत मागितला. तो मी दिला.

ते नाव मी दुकानाच्या पाटीवर लाल रंगात मोठे लिहून घेतले व मुलीकडून त्या नावाच्या वेबसाइटवर पदार्थांची यादी चढवली. शेजारच्या संगणक कंपन्यांच्या वसाहतीतली तरुण मुले आधी पाटीचा फोटो काढायला आली आणि मग जेवायला थांबली. ती माझ्या दुकानाला आता 'मरणाच्या नूडल्स' म्हणतात. मी चिडत नाही, कारण दुपारी बसायला जागा नसते. च्वांग रोज येत, आपला वाडगा खात, कराराप्रमाणे पैसे देत नसत, आणि उठताना रस्सा आज पातळ झाला म्हणत. कधी कधी वाडगा संपल्यावरही बसून राहत. तेवढे करारात नव्हते, पण त्याचे मी पैसे लावले नाहीत.

या वसंतात हांगचौच्या एका कंपनीच्या बाई कुओला घेऊन दुकानात आल्या. त्यांना आमचा फाशांचा खेळ फोनवर खेळता येईल असा करायचा होता व त्यासाठी चार चारांचे हे नाव हवे होते. बाहेरगावच्या बाईला जे एका नजरेत दिसले ते आमच्या शहरातल्या एकाही तांदूळवाल्याला जन्मात दिसले नाही, याचा कुओला एवढा धक्का बसला की त्याने माझ्याकडे पाणी मागितले. बाईंनी जो भाव सांगितला त्यात चौथी गल्ली सोडून मला आठव्या गल्लीत घर घेता आले असते. मी नाही म्हटले. त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, भाव वाढवला, नूडल्स खाल्ल्या. मी पुन्हा नाही म्हटले.

ही बातमी शेनझेनला च्वांग यांच्या मुलाच्या, म्हणजे च्वांग वेईमिन याच्या कानी गेली. त्याने येऊन या चौकीत तक्रार दिली, की माझे वडील एकटे व भोळे असून त्यांचे डोके आता पूर्वीसारखे चालत नाही, याचा फायदा घेऊन दुकानदार बाईने नूडल्स चारून त्यांचे लाखमोलाचे नाव हडप केले, तरी ते परत मिळावे. तक्रार मला वाचून दाखवली. 'नूडल्स चारून' हे शब्द मला लागले. मी बैल पाळलेले नाहीत.

तक्रार झाल्यापासून च्वांग दुकानात आलेले नाहीत. त्यांच्या वेळेला मी त्यांचा वाडगा भरून ठेवते, कारण करार आहे. नूडल्स फुगतात. मग त्या मी खाते, त्यामुळे माझे वजन वाढले आहे. घरातल्या माणसाने तक्रार केली म्हणजे शब्द फिरवल्यासारखेच, असे म्हणून कुओने च्वांग यांची चहाची वाटी टेबलावर पालथी घातली. मी ती सुलटी केली. त्याने पुन्हा पालथी घातली. मी पुन्हा सुलटी केली व त्या दिवसापासून टेबलाचे गरम पाणी बंद केले आहे. कुओ आता घरून थर्मास आणतो. वाफेत आता कोणी नाव उच्चारत नाही. मी तीन वाडगे भरले की आपोआप मागे वळून पाहते, ती सवय काही जात नाही.

मॅडमनी विचारले की च्वांग यांचे डोके ठिकाणावर आहे काय. तिखट जास्त घालून घेतात आणि दोष मला देतात, एवढे सोडले तर आहे.

मॅडमनी विचारले की नाव विकून अर्धे पैसे त्यांना दिले तर मिटत नाही काय. मी सांगितले की पाटी रंगवून झाली आहे. त्यांनी पुन्हा विचारले. मी सांगितले की सगळ्या वसाहतीला हे नाव पाठ झाले आहे. त्यांनी तिसऱ्यांदा विचारले व पेन खाली ठेवले. तेव्हा मी सांगितले, की नाव विकले तर करार संपेल, आणि करार संपल्यावर च्वांग यांना रोज यायला निमित्त काय राहील. हे वाक्य लिहू नका असे मी लगेच सांगितले. मॅडम म्हणाल्या की जबाबात बोललेले खोडता येत नाही, व पेन उचलून ते लिहिले.

एवढे सांगून होते तोच च्वांग वेईमिन हा वडिलांना घेऊन चौकीत आला. च्वांग यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता व ते बारीक झालेले दिसले. माझ्याकडे न पाहता ते बाकावर बसले. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हाला फसवलं एवढंच सांगा, बाकी मी बघतो."

"फसवलंच आहे," च्वांग म्हणाले. "मी हिला फसवलं. रोज एक वाडगा, मरेपर्यंत, असा भाव लावला. माझे वडील त्र्याण्णव वर्षं जगले आणि आजोबा त्याहून जास्त. आता तूच सांग, तोट्यात कोण आहे?"

दारातले हवालदार हसले. मुलाने विचारले की त्या नावाला आता काय भाव आलाय ते तरी ठाऊक आहे का. च्वांग म्हणाले, "आहे. म्हणून तर गेलो नाही. एवढा भाव आल्यावर तिच्या दारात जाऊन बसलो असतो तर तिला वाटलं असतं, म्हातारा वाटा मागायला आला. पण दोन बोटं ठोकलीत मी, वेईमिन. तू माझं नाव परत आणायला निघालास आणि माझी वाटी पालथी करून बसलास."

वेईमिन हा मनाने वाईट मुलगा नाही, हे मी सांगू इच्छिते. तो खाली बघून म्हणाला की त्याला ते पैसे स्वतःसाठी नको होते. शेनझेनला एक खोली जास्तीची असलेले घर घेऊन वडिलांना जवळ न्यायचे होते, कारण फोन लावला की ते एकटेच असतात. च्वांग म्हणाले की तू फोन करतोस संध्याकाळी, दुपारी करून बघ. मग जरा हळू आवाजात म्हणाले, "तुझ्याकडे येऊन राहिलो होतो ना मागे. लिफ्टमध्ये एक नाव मोठ्यानं म्हणून पाहिलं. लोक अंग चोरून उभे राहिले."

मी म्हटले, "अहो क्रेनवाले, वाटी सुलटी आहे. मी बघते रोज."

त्यांनी तेव्हा प्रथम माझ्याकडे पाहिले. कुओ काय म्हणतो असे विचारले. मी सांगितले की कुओ थर्मास आणतो. यावर ते खूप हसले, एवढे की मॅडमना त्यांच्यासाठी पाणी मागवावे लागले.

वेईमिन याने तक्रार मागे घेत असल्याचे सांगितले, त्याचा कागद वेगळा केला आहे. मॅडमनी मला विचारले की माझी कोणाविरुद्ध काही तक्रार आहे काय. आहे. च्वांग जिनश्वी यांनी ठरल्याप्रमाणे रोज येऊन वाडगा खाल्लेला नाही, म्हणजे करार त्यांनी मोडला आहे. चुकलेले सगळे वाडगे त्यांनी रोज दोन याप्रमाणे भरून काढावेत, अशी माझी मागणी आहे. च्वांग म्हणाले की रोज दोन वाडगे खाल्ले तर त्र्याण्णव गाठता येणार नाहीत. मी म्हटले की मग दुसरा अर्धा घ्या, पण वेळ तेवढाच बसावे लागेल. वेईमिन याने विचारले की आज त्यालाही जेवायला येता येईल काय. करारात नातेवाईक नाहीत, त्याला पैसे पडतील, असे मी सांगितले. तो यायचे म्हणाला.

वरील सर्व मजकूर ताओ मॅडमनी मोठ्याने वाचला व त्यांच्या उत्तरेकडच्या उच्चारात जे मला समजले नाही ते हवालदारांनी आमच्या मिन्नान बोलीत पुन्हा सांगितले. च्वांग पिता-पुत्र तिथेच बसलेले होते, त्यांना कोणी बाहेर जा म्हटले नाही. मी लिहू नका म्हटलेले वाक्यही वाचले गेले, आणि हवालदारांनी ते मला समजलेले असताना पुन्हा सांगितले. ते संपल्यावर च्वांग यांनी मॅडमच्या टेबलावर दोन बोटे ठोकली. मीही ठोकली. लिहिले ते माझ्या सांगण्याप्रमाणे असून त्यात कमी-जास्त काही नाही. कागदाखाली माझी सही आहे, ती त्यानंतर केली.